माणसासारखी एक चूक

तीर्थस्वरूप दादांच्या पायांशी,

धाकट्याचा नमस्कार पोचावा. (समोर असलो की मी तुम्हाला अरे-तुरे करतो, पण पत्रात थोरल्यांना अहो लिहायचं, हे गुरुजींनी छडी दाखवून शिकवलंय. छडी विसरलो तरी वळ आठवतात.) गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टर म्हणाले होते. ते पाळताय, की वहिनींची पाठ वळली की गच्चीवर? आम्ही देवाच्या कृपेनं ठीक आहोत. सौ.चा खोकला गेला, आता ती पूर्वीसारखी सलग बोलू शकते. माझ्या हातून मात्र एक गोष्ट पुसली गेली आहे. ती जितकी माझी तितकीच तुमची होती, म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर तुम्ही एक तर हसाल, नाहीतर गप्प व्हाल, आणि मला दोन्ही झेपणार नाही.

तुम्ही दरवेळी विचारता, तू ऑफिसात नेमकं करतोस काय? तर संगणकावर एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती अक्षरं. आपण हुकूम लिहायचा आणि मशीननं तो मुकाट पाळायचा. (घरात माझा हुकूम कुणी पाळत नाही, त्यामुळे हा धंदा मला मानवला.) या खिडकीत चालणारी एक छोटी आज्ञावली मी लिहिली आहे. ती संगणकातल्या एकसारख्या फायली, म्हणजे जुळी, शोधते, त्यातलं एक ठेवते आणि 'बाकीची पुसू का?' असं विचारते. होकाराला वाय, नकाराला एन. लोकांना त्यानंतर उगाच एंटरचं बटण दाबायला लागू नये म्हणून नुसत्या एका अक्षरावर काम होईल अशी सोय मी केली, आणि या सोयीबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली. ही सोय पुढे महागात पडणार आहे, लक्षात ठेवा.

आता ही आज्ञावली गिऱ्हाइकांना दाखवायची होती. पण चार माणसं मागे उभी राहिली की माझी बोटं ऐकत नाहीत. मागच्या खेपेला सगळ्यांसमोर मी स्वतःचं नाव चुकीचं टाइप केलं आणि मशीननं 'असा कुणी इसम नाही' असं उत्तर दिलं. तेव्हा साहेबांनी तोडगा काढला: रेकॉर्डिंग. यात आपण नाटकाची संहिता लिहितो तसं आधी लिहून ठेवायचं, की हे टाइप कर, क्षणभर थांब, हे बटण दाब. मग आपण हात बांधून बसायचं. अक्षरं आपोआप उमटत जातात आणि त्याची फिल्म तयार होते. कर्ता-करविता कुणी वेगळाच आहे, हे लहानपणापासून ऐकलेलं मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. फक्त इथं करविता मी होतो, आणि माझी अक्कल बेताची.

पहिली फिल्म पाहून साहेब म्हणाले, "हे यंत्रानं लिहिल्यासारखं वाटतं."

"साहेब, यंत्रानंच लिहिलंय."

"हो, पण वाटू नये ना! जरा अडखळा. मध्ये एखादी चूक करा, खोडा, माणसासारखं. आणि ते नमुना एक, नमुना दोन असलं खोटं नको. खऱ्या फायली घ्या."

आमच्याकडे काम तपासणाऱ्या एक ताई आहेत, त्यांचं तोंड फटकळ आहे. त्या म्हणाल्या, "चूकच करायची तर तुम्हाला संहिता कशाला लागते हो?" सगळे हसले. मीही हसलो. त्या बाईच्या जिभेवर देव बसला होता, हे मला नंतर कळलं.

खऱ्या फायली म्हणून मी घरच्या संगणकावरचा आपला घरगुती साठा घेतला. त्यात आईचे निरोप होते. ती फोनवरून बोलून पाठवायची, ते. तुम्हाला ठाऊकच आहे, तिचा निरोप रोज एकच: "जेवलास का? बरं. ठेवते." (उत्तराची वाट न पाहता 'बरं' म्हणणारी तीच एक.) काटेकोर शोधात एकही जुळं निघेना. रिकाम्या हातानं प्रयोग कसा दाखवायचा? म्हणून मी शोध सैल केला, साधारण सारखं असेल तेही जुळं धर म्हणून सांगितलं. आज्ञावलीनं आईचे सगळे निरोप एका रांगेत उभे केले. मला मनातून बरं वाटलं, काय भरघोस पीक आलंय! शेवटी ती विचारणार 'पुसू का?' आणि तिथं मी माणसासारखी चूक पेरली होती: आधी वाय, मग घुटमळ, मग खोडणं, मग एन. 'पाहा, आमची आज्ञावली किती जपून वागते,' असं त्यातून दाखवायचं होतं.

एक गोष्ट विसरलो. नाटकातली तलवार लाकडाची असते, या रेकॉर्डिंगमधली खरी. जे टाइप होतं ते खरोखर घडतं. वाय उमटला. मी कौतुकानं पाहत म्हटलं, वा, किती माणसासारखं! तेवढ्यात खाली अक्षरं आली: पुसली. मग संहितेत लिहिल्याप्रमाणे थोडी घुटमळ झाली, नसलेलं अक्षर खोडलं गेलं आणि वरातीमागून घोडं यावं तसा तो एन आला. आपलेच दात, आपलेच ओठ.

सौ. म्हणाली, "दुसरीकडे नक्कल असेल की." नाही. नक्कल म्हणजे जुळं, आणि जुळ्यांशी माझं वैर; ती मी कधीच पुसून टाकली होती. कचरापेटीत पाहिलं, तर माझी आज्ञावली तिथं काही ठेवतच नाही (तीही माझीच सोय). जुना फोन मेव्हण्याला देऊन टाकला, तोही स्वच्छ पुसून. नियमाप्रमाणे एक निरोप शिल्लक आहे. त्यात आईनं चुकून बटण दाबलंय. भांडी वाजतात आणि लांबून ती मांजरावर ओरडते, "हो बाहेर, मेल्या!" हल्ली मी तेच ऐकतो, आणि मला ते लागू पडतं.

साहेबांना फिल्म मात्र भलतीच आवडली. "काय झटपट पुसतं! असंच ठेवा," म्हणाले. आता गिऱ्हाइकं आली की तीच लावतात. वाय यायच्या आधी मी डोळे मिटतो. लोकांना वाटतं, हा मनुष्य कामाआधी देवाचं नाव घेतो. घेतोही.

असो. मी हे फार मनाला लावून घेतलेलं नाही. देह राहिला नाही, तिथं आवाजाचं काय? गुडघ्याला जपा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. : ती तुम्हालाही रोज तोच निरोप पाठवायची. तुमच्या फोनमध्ये एखादा राहिला असेल तर पाठवा. कुठलाही चालेल. फोन आवरायला मात्र घेऊ नका.

ता. क. : 'मनाला लावून घेतलेलं नाही' हे वाक्य मी पत्र लिहायला बसण्यापूर्वीच ठरवून ठेवलं होतं. ते संहितेतलं आहे, धरू नका.

ता. क. : दादा, तुझ्या निरोपात ती आधी "थोरल्या" म्हणत असेल. ते कापून पाठवू नकोस. ऐकताना तेवढ्या एका शब्दापुरता मी थोरला होईन.