मेव्हण्याच्या छातीवर माझं मशीन

५ जानेवारी २००४, सकाळी ७
इंदिरानगर जॉगिंग ट्रॅक, चार राउंड. छातीत दोनदा फडफड. उत्साहात असलं की हृदय उड्या मारतं. ट्रॅकवरच्या मंडळींना हार्टचे सल्ले मीच देतो.

७ जानेवारी
बायकोने, सुवर्णाने, डॉक्टरांकडे नेलं. मंडळींना सांगणार, रूटीन चेकअप. डॉक्टर म्हणाले, ठोके अनियमित आहेत, याने रक्ताची गुठळी होऊन लकवा होऊ शकतो. घाबरवणं हा त्यांचा धंदा. ठोके नोंदवणारं होल्टर मशीन चोवीस तास लावायचं.

१२ जानेवारी
सकाळी अकराला मशीन लावलं. छातीला वायरी, कमरेला डबी. दुपारी नुसती फडफड. रिपोर्ट बिघडला तर ट्रॅकवर कुठल्या तोंडाने जाऊ?

संध्याकाळी ६
सुवर्णाचा भाऊ सहादू आला. मखमलाबादला टोमॅटो लावतो. भरलेली दोन-दोन कॅरेट उचलतो, बैलाचं काळीज. सुवर्णा भाजीला गेलेली. वायरी काढून त्याला लावल्या. तो म्हणाला, दाजी, लय गुदगुल्या होत्यात. उद्या दहाला परत आणून देणार. ताईला बोलायचं नाय, असं ठरलं. शास्त्रापेक्षा डोकं मोठं.

१५ जानेवारी
दवाखान्यातून फोन, लगेच या. अभिनंदन करायचं असणार. नवा शर्ट घातला.

दुपारी २
डॉक्टर म्हणाले, पहिले सात तास ठोके अनियमित, ते गोळ्यांनी सांभाळू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या वेळेला हृदय पाच-पाच सेकंद थांबलंय. नऊ वेळा. आत्ताच ॲडमिट व्हा.
मी म्हणालो, ते मी नाही, मेव्हणा.
सुवर्णा उठून थेट स्कूटरकडे निघाली. हे वाईट लक्षण.
स्कूटरवर मखमलाबाद. सहादू टोमॅटोच्या सरीत बसलेला, घामाने ओला. म्हणाला, दाजी, महिना झाला, चक्कर येते. वाटलं, ऊन लागलं. मी म्हणालो, थंडीत कसलं ऊन. त्याला धरून उठवलं आणि तसंच दवाखान्यात नेलं.

१७ जानेवारी
सहादूला पेसमेकर बसला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला. म्हणजे मी वाचवला. हे मी सुवर्णाला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.
सहादू म्हणाला, दाजी, तुमचं मशीन लय भारी.

२६ जानेवारी
मला दोन गोळ्या, एक रक्त पातळ करायची. सुवर्णा समोर उभी राहून गिळायला लावते, मग जीभ वर करून दाखवायची.
आज पुन्हा चोवीस तासांचं होल्टर. या खेपेला छातीवरच्या प्रत्येक पट्टीवर तिने बॉलपेनने सही केलीय.