फटाकडी तुला आधी दिसली

प्रिय सुमे,

तू गेलीस तेव्हा आपल्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी रकानेच्या रकाने लिहिले. मी एक ओळ लिहिली नाही. रागावले होते ना! गेलेल्या माणसावर कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण आज गव्हाणच्या पाणथळीवर मला लाल फटाकडी दिसली आणि घरी येऊन आधी कागद ओढला. सांगायला दुसरं आहे कोण?

पाणकणसाच्या गवताच्या कडेला आली गं. साळुंकीएवढी, विटकरी छातीची, शेपटी उडवत. चांगली दोन मिनिटं चिखलात टोचत होती. हिच्यासाठी आपण किती वर्षं त्या बांधावर पायाला मुंग्या येईस्तोवर बसलो! आणि तुला ती दिसली कधी, तर मी नसताना. तीही त्या नव्या मंदाबरोबर. तू काढलेला फोटो ग्रुपवर पाहिला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खरं सांगू? तुझा मला पहिल्यापासून हेवा वाटायचा. शाळेत शिकवत होतो तेव्हा फळ्यावरच्या तुझ्या अक्षराचा, निवृत्त झाल्यावर तुझ्या डोळ्यांचा. मी दुर्बिणीची काच पुसेपर्यंत तू पाण्यावरचे सगळे चांदवे मोजून मोकळी. जांभळी पाणकोंबडी देठ पायात धरून कशी खातेय ते तू सांगायचीस आणि मला नुसतं हलणारं गवत दिसायचं.

म्हणून तर श्रावणात ते झालं. गवतातून काळंकुट्ट, इवलंसं काहीतरी पळालं आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडले, काळी फटाकडी! दहा जण कॅमेरे घेऊन धावले. तू खो खो हसलीस. म्हणालीस, नले, पाणकोंबडीचं पिल्लू आहे ते, या सगळ्या खानदानाची पिल्लं काळीच असतात. चूक माझीच होती. पण एवढ्या लोकांत? कानात सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

त्यानंतर मी येणं बंद केलं. तू फोन करशील म्हणून मी थांबले, मी करीन म्हणून तू. दोघी मास्तरणी, आधी नमणार कोण!

दिवाळीनंतर तुझ्या गाडीत मंदा, असं ग्रुपवरून कळलं. तुझ्या सोसायटीत नुकती राहायला आलेली, बँकेतली. बगळा कुठला आणि ढोकरी कुठली हेही तिला कळत नव्हतं! दर रविवारी सकाळी तुझी गाडी इथे रोडपालीला, आमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर थांबायची. चौथ्या मजल्यावरून गाडीचा टप तेवढा दिसायचा. पाच मिनिटं उभी राहायची आणि निघून जायची. मला वाटे, नवी मैत्रीण मिरवायला थांबते. मी पडदा ओढून घ्यायचे.

जानेवारीत एका रविवारी गाडी आली नाही. म्हटलं, बरं झालं, हौस फिटली. दुपारी कळलं.

आज फटाकडी आत शिरली आणि मागून मंदा आली. एकटीच, रिक्षाने आली होती. मी खवचटपणे म्हटलं, सुमनच्या शेजारी ऐटीत बसून यायची सवय, आता रिक्षाचे धक्के सोसत नसतील. ती गोंधळली.

"मी मागेच बसायचे. ताई पुढे बसूच द्यायच्या नाहीत. तुमच्या गेटपाशी थांबून म्हणायच्या, ती नलूची जागा आहे, आत्ता येईल बघ खाली."

सुमे, मी तिथेच बांधावर फतकल मारून बसले आणि तिच्यासमोर ढसाढसा रडले. हॉर्न वाजवायला काय झालं होतं तुला? एकदा, एकदाच! मी चपला न घालता धावत आले असते. आणि हे मला तुझ्या तोंडून कळायला नको होतं का? तेही मंदालाच आधी ठाऊक. बघ, रडतानासुद्धा माझा हेवा सुटला नाही.

पुढच्या रविवारपासून मी मंदाबरोबर जाईन, शब्द देते. अजून तिला 'अहो' म्हणते, हळूहळू 'अगं'वर येईन. पण तूही एक कर. मी येईपर्यंत तिकडे दुसरी मैत्रीण जोडू नकोस. माझ्याच्याने पुन्हा सोसवणार नाही.

तुझीच भांडखोर,
नलू