वांग्यांच्या वाफ्यावरचा पाचोळा

आबा, परवा वांग्यांचा वाफा पुन्हा जळला. या वेळी तुम्ही पेटवला नव्हता.

परंदवडीच्या घरामागचा तोच वाफा, सागाची पानं अजूनही त्यावरच गळतात. भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, राब करायचा, हे तुमच्या हाडीमाशी खिळलेलं. पाचोळा दिसला की तुम्ही काडी ओढायचात, मग तिथं भात असो नाहीतर भाजी. मी सातवीत होतो. आईने त्या वर्षी पानं वांग्यांच्या बुडाशी तशीच राहू दिली, कारण विहिरीचं पाणी तिलाच शेंदावं लागायचं आणि पानांखाली ओल दोन दिवस जास्त टिकायची. तुम्ही आलात. "ही घाण कुनी ठिवली हितं?" आईच्या आधी मीच बोललो, "मी ठिवली, आबा." दांड्याचे चार फटके पाठीवर बसले, पाचवा कानावर. त्या कानाने मला आजही नीट ऐकू येत नाही. मग तुम्ही वांग्यांसकट सगळं पेटवता, आई ओलं पोतं घेऊन धावते, आणि तुम्ही तिला मागे ओढत नाही, पुढे ढकलता. "इझव मग! लय हौस हाय ना!" तिचा उजवा तळवा भाजला. पुढे जन्मभर ती आखडलेल्या बोटांनी भाकरी थापत राहिली.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो नाही. त्यानंतरच्या पहिल्याच पानगळीत पोती भरभरून पानं आणली आणि त्या वाफ्यावर ओतली. लोकांना सांगायचो, माती भुसभुशीत राहते, गांडुळं येतात, पाणी कमी लागतं. ते खरंही आहे. पण दरवर्षी पानं पसरताना तुमचा संतापलेला चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि मला फार बरं वाटायचं.

परवा कंपनीतून घरी आलो तर परसात धूर. माझी मुलगी दाताळं घेऊन उभी होती. शिक्षण संपवून गेल्याच महिन्यात घरी आली आहे. "बाबा, पानांत फुरसं दिसलं. तुम्ही तिथं अनवाणी फिरता, म्हणून पेटवून टाकलं." हे मी चांगल्या कानाने नीट ऐकलं. तरी दाताळं हिसकावलं आणि त्याच्या दांड्याने तिला मारलं. एकदा नाही. तिने तोंड वाचवायला हात आडवा घातला, तर त्या हातावर. "कुनी सांगितलं हितं आग लावाय?" असं ओरडत होतो. घरात मी असं बोलत नाही, आबा. तो आवाज तुमचा होता.

हाड मोडलं आहे. दवाखान्यातून परतताना रिक्षात तिने एवढंच विचारलं, "आजोबा असे होते का?" मी म्हणालो, "नाही गं. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही." हो म्हटलं असतं तर मी कुणाचा मुलगा आहे हे तिला कळलं असतं.

हे तुम्हाला लिहायचंच नव्हतं. तिच्याशी काय बोलायचं ते आधी तुमच्यापुढे घोकून पाहत होतो, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. ती पलीकडच्या खोलीत डाव्या हाताने जेवते आहे. ताटाचा आवाज येतो आहे. मी अजून उठलेलो नाही.