गल्लीकडचं दार

प्रिय ढब्बू,

चिठ्ठी डब्यात ठेवतेय. गणिताच्या वहीत ठेवली असती तर तुला परीक्षेपर्यंत सापडली नसती. आधी जेवून घे, मग वाच, आणि वाचताना चेहरा नेहमीसारखा ठेव.

हल्ली तू फार खुशीत असतोस. आई ओरडत नाही, ओले बूट सोफ्यावर ठेवलेस तरी काही बोलत नाही. मागितल्याबरोबर तुला नवा कॅरम मिळाला. म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही; इथे तर पगारही वेळेवर येतोय. मीही आधी सुखावलेच होते. खोटं कशाला सांगू?

तुला ते वादळ आठवतं? आई भिंतीबाहेर हवा गाळायच्या जाळ्या बदलायला गेली आणि तीन दिवस आलीच नाही. तू जेवत नव्हतास, तिची उशी घेऊन जिन्यात बसायचास. चौथ्या दिवशी दुपारी बाहेर उघडणाऱ्या गल्लीकडच्या दारावर थाप पडली. बाहेरची सोंगं माणसाचा चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, सगळं उचलतात. म्हणून आपलं दार नुसत्या ठशांवर उघडत नाही, घरातल्या माणसाला विचारतं, ही तुमचीच ना? मी काचेतून पाहिलं. आईच होती, हनुवटीवरच्या व्रणासकट. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाच्या नाड्या बांधून ती म्हणाली, चला, जाते मी. ढब्बू, आपली आई जन्मात असं म्हणाली नव्हती. शाळेत निघताना एकदा माझ्या तोंडून 'जाते' निघालं, तर तिने मला अर्ध्या जिन्यातून परत बोलावून 'येते' म्हणायला लावलं होतं. मी मनाला समजावलं, दमली असेल. पण ती रोज तेच म्हणते. सोंगांनी आपली भाषा ऐकून ऐकून उचललीय, पण जाणारा माणूस 'येतो' का म्हणतो, ते काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

खालच्या मजल्यावरची, बाहेरच्या जाळ्या शिवणारी शिंपीणही त्याच वादळानंतर परतली. महिन्याभराने ती दोन्ही मुलांना काम दाखवायला बाहेर घेऊन गेली. संध्याकाळी तिघंही परत आली. परवा ती मुलं आपल्याकडे खेळायला आली होती ना? एकाचंही नाक वाहत नव्हतं, भांडण नाही, पसारा नाही. निघताना दोघं एका सुरात म्हणाली, आम्ही जातो.

आई सांगायची त्या गोष्टीत लांडगा पायाला पीठ फासून येतो आणि करडं दार उघडतात. मी चिडायचे, इतकी कशी बावळट? आता वाटतं, त्यांना कळलं असणार. पण आई आता नाही, हे मान्य करण्यापेक्षा दार उघडणं सोपं वाटलं असेल. मलाही वाटलं. दोन महिने मी तिच्या हातचं जेवले, तिच्या कुशीत झोपले आणि गप्प राहिले.

काल ती म्हणाली, सोमवारी ढब्बूला कामावर नेते. म्हणून आज मी चौकीवर जाऊन माझी ओळख मागे घेणार आहे. नियम तुला ठाऊक नसेल. खोटी ओळख देणाऱ्यालाही सोंगाबरोबर बाहेर काढतात. लहानांना नाही काढत, ते मी दोनदा विचारून घेतलंय. शाळा सुटली की आतल्या जिन्याने घरी जा. चौकीवरच्या मावशी तुझ्याकडे राहायला येतील. आतल्या दाराची किल्ली त्यांच्याजवळ आहे, म्हणजे तुला कुणालाच दार उघडावं लागणार नाही. आज ना उद्या गल्लीकडून थाप पडेल. आवाज माझा असेल. तो रडेल, तुला ढब्बू म्हणेल, आणि दार तुला विचारेल. काचेतून बघू नकोस. ती खरंच मी असले, तरीसुद्धा नाही म्हण.

तुझीच,
ताई