तिसऱ्या रेकॉर्डवरचा आवाज

अण्णा, इंग्लंडमधल्या एका रेकॉर्डवर तुमचा आवाज आहे, असं दोघं जण म्हणतात. एक आई. दुसरा माझा जुना विद्यार्थी, जो आता मंचरला लग्नासाठी डीजे भाड्याने देतो. मी अजून काहीच म्हटलेलं नाही. पण रेकॉर्डवाल्यांना उत्तर माझ्याकडून हवं आहे. ते काय द्यावं हे कळत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहून बघते.

तो विद्यार्थी एका दुपारी कॉलेजात आला. स्टाफरूममध्ये मी पेपर तपासत होते. "मॅडम, ह्ये कानाला लावा आधी," म्हणाला. मी विचारलं, काय आहे. "लावा तर. मंग बोलू." मी लावलं. बराच वेळ नुसता ठोका होता. मला वाटलं शेजारच्या वर्गातला पंखा घासतोय. मग ठोक्याखाली दुसरा ठोका आला, विहिरीवरच्या इंजिनासारखा, जरा उशिरा पडणारा. त्या दोन्हींच्या मधून एका माणसाने नाकाने श्वास ओढला आणि तो ओरडला. भिर्रर्र. झाली, झाली, झाली. त्यापुढे यंत्राने त्या झालीचे तुकडे केले आणि ते एकमेकांवर रचत नेले. मी हेडफोन काढला. तो माझ्याकडे बघत होता. "बैलगाड्याच्या शर्यतीचा घाट हाय, मॅडम. आन पुकारणारं तुमचं वडील. आमचं आजोबा म्हणायचं, पेठंच्या अण्णांसारखा पुकारा परत झाला न्हाई." मी म्हटलं, तू ऐकलायस का त्यांना? "मी कुठनं ऐकणार? पाळण्यात व्हतो मी. पर आजोबा खोटं कशाला बोलतील राव."

ही रेकॉर्ड काढणारे दोघंच होते, अण्णा. एक पुरुष आणि एक बाई. बंद पडलेल्या कापडगिरणीतली एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती आणि तिथे जुनी यंत्रं आणून ठेवली होती. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर माणसाचा आवाज अजिबात नाही. माणूस बोलला की लोक शब्द ऐकतात, आवाज ऐकत नाहीत, असं त्या पुरुषाने कुठेतरी सांगितलेलं मी वाचलं. ती रेकॉर्ड कुणी घेतली नाही. दुसऱ्या रेकॉर्डमधली एक धून मोटारीच्या जाहिरातीत वाजली आणि त्यांचं नाव झालं. मग तो पुरुष हिंदुस्तानात हिंडायला आला. बेल्ह्याच्या बाजारात, कासरे आणि घुंगरमाळा विकणाऱ्यांच्या ओळीत, घाटाच्या कॅसेटी विकायला असायच्या. त्यातली एक त्याने घेतली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. तिसरी रेकॉर्ड त्या कॅसेटवर उभी आहे. चौथ्या रेकॉर्डवर तोच आवाज आहे, पण चिरून बारीक केलेला. पाचव्या रेकॉर्डवर ओरडणं गेलं आहे, फक्त नाकाने ओढलेला श्वास उरला आहे आणि तो पुन्हापुन्हा येतो. त्यानंतर दोघांचं बिनसलं. दोघांनी वेगवेगळ्या रेकॉर्डी काढल्या, त्या चालल्या नाहीत. तो पुरुष आता नाही. बाई आहेत.

मी या सगळ्या रेकॉर्डी क्रमाने ऐकल्या. आवडल्या का, हे मला सांगता येत नाही. भाजी निवडताना ऐकल्या, पेठला जाताना एसटीत ऐकल्या. एक व्हिडिओही पाहिला. तिकडच्या कुठल्याशा शेतात चिखल झालेला आहे, हजारो पोरंपोरी त्यात हात वर करून उभी आहेत, आणि भिर्रर्र आलं की सगळी एकदम ओरडतात. बैल कुठेच नाहीत. कशासाठी ओरडायचं हे त्यांना ठाऊक नाही आणि तरी जागा चुकत नाहीत. मला हसू आलं, मग राग आला, आणि मग राग कशाचा आला ते सापडेना.

माझी अडचण अशी आहे की मी तुम्हाला घाटात कधी ऐकलंच नाही. आपल्याकडच्या बायका-पोरी तेव्हा घाटात जात नसत. जत्रेच्या दिवशी आम्ही देवळाच्या अंगाला, बांगड्यांच्या आणि भेळीच्या दुकानांशी. घाट टेकडीच्या पलीकडे. वारा तिकडून आला तर कर्ण्याचा आवाज यायचा, अर्धा. कुणाचा गाडा, कुठल्या गावचा, हे कळायचं नाही. नुसता एक लांबलेला स्वर, आणि मागून माणसांचा गलका. शेजारची बाई आईला म्हणायची, "तुमचं मालक बोलत्यात बघा." आई म्हणायची, "बोलू द्या. घरी तर बोलत न्हाईत."

आणि खरंच, तुम्ही घरी बोलत नव्हता. चैत्र लागला की तुमचं मौन सुरू होई. गळा राखायचा असे. आई चुलीपुढे, तुम्ही दाराशी पाटावर, हातात ज्येष्ठमधाचं गरम पाणी. पाणी हवं असलं की तुम्ही भांडं जमिनीवर हलकेच आपटता. भाकरी पुरे झाली की तळवा उलटा धरता. आम्ही भावंडंही त्या दिवसांत हळू बोलतो, का ते कुणी सांगितलेलं नाही. जत्रांचा हंगाम संपला तरी तुमचं बोलणं फार वाढत नाही. सवय लागलेली असते. तुम्ही एकदाच मला रागावलात. शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने दिलेले कर्णे आपलेच होते. मी भाषणाला उभी राहिले आणि माइकसमोर ओरडले. उतरून आले तेव्हा तुम्ही वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणालात, "माइकवर वरडायचं नसतं. त्याच्या कानात सांगायचं. वरडायचं काम कर्ण्याचं." मी त्यावर रडले. आज वर्गात शिकवताना मी तेच करते, हळू बोलते, आणि मागच्या बाकावरची पोरं पुढे सरकतात. पण मग त्या रेकॉर्डवर जो माणूस पोट फोडून ओरडतो आहे, तो तुम्ही कसे?

आईला ऐकवलं. ती आता माझ्याकडेच मंचरला असते. तुमच्या कॅसेटी तिने पत्र्याच्या पेटीत जपल्या होत्या, पण फितींना बुरशी धरली. दुकानदाराला दाखवल्या, त्याने नुसती नकाराची मान हलवली. तुम्ही गेल्यापासून घरात तुमचा फोटो आहे, फेटे आहेत, आवाज नाही. आईने फोन कानाशी धरला, उलटा. मी सरळ केला. श्वास आला, आणि ओरडणं यायच्या आधीच ती म्हणाली, "हेच." मी म्हटलं, अजून सुरूही झालं नाही. "नाक ऐकलं ना. बोलायच्या आधी असंच वढायचे. माझ्या बापाकडं मागणी घालायला आले तवा बी असंच वढलं व्हतं." मग ती पूर्ण ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, "मधलं मशिन बंद करता येतं का गं?"

दरम्यान विद्यार्थ्याने त्या बाईंना परस्पर कळवून टाकलं होतं. बाईंनी मला मेल पाठवला. तिसरी रेकॉर्ड पुन्हा निघते आहे. आधीच्या वेष्टनावर 'अज्ञात आवाज' असं छापलं होतं, त्याची त्यांना लाज वाटते. आता तिथे नाव हवं. त्यांनी फार साधं लिहिलं होतं: हे तुमचे वडील आहेत का?

मला एकच माणूस आठवला. डिंगोऱ्याचे काका, तुमचे चेले. पुकारायच्या माचावर तुमच्या मागे तेच उभे राहायचे. मी आणि आई डिंगोऱ्याला गेलो. काका ओट्यावर बसले होते, पुढ्यात कांद्याची रोपं. आईला बघून उठले. "या वैनी, या. लई दिसांनी. पोरीचं केस पांढरं झालं की ओ." मी बाजेवर फोन ठेवला आणि लावला. काकांनी डोळे मिटले. भिर्रर्र आलं तसा त्यांचा हात आपोआप वर गेला, निशाण पडल्यासारखा खाली आला. "वस्तादच," ते म्हणाले.

आतून काकू म्हणाल्या, "वस्ताद कुठलं? तुमीच हाय त्ये."

"तू गप. तुला काय कळतं घाटातलं?"

"घाटातलं नाय कळत. तुमचं कळतं. नवीन लग्न झाल्यालं तवा झोपंत आसंच वरडायचा. सासूबाई अंगारा लावायच्या."

काका हसले. आई हसली नाही. म्हणाली, "नाक वढल्यालं ऐका की भाऊजी. ते ह्यांचं हाय."

"वैनी, ते शिकवल्यालं हाय," काका म्हणाले. "पयलं नाक वढायचं, पोट भरायचं, मंग सोडायचं. नाय वढलं तर वस्ताद मागनं असा चिमटा काढायचं की बैलाच्या आधी मीच पळायचो. त्यांना त्यांच्या वस्तादानं तसाच शिकवल्याला."

मी विचारलं, काका, मग खरं सांगा, हा कुणाचा? त्यांनी रोपांची मुळं झटकली. "पोरी, शेवटाशेवटाला त्यांचा गळा बसायचा. दुपारपर्यंत त्ये, दुपारनंतर मी. वस्तादांचं सांगणं व्हतं, बदललं हे लोकांना कळता कामा नये. गाडामालकाला वाटलं पायजे, आपल्याला मोठ्या पुकाऱ्यानंच पुकारलं. म्हणून मी माझा आवाज पार टाकूनच दिला. कॅसेटवाला दोघांचं एकातच भरायचा." मग ते म्हणाले, "मी म्हणतो वस्ताद. पर देवाची शपथ घालशील तर मला न्हाई सांगता यायचं."

मग त्यांनीच तोड काढली. घाटात एकाचे बैल पुढे आणि दुसऱ्याचे मागे जुंपले तर तो गाडा दोन्ही मालकांच्या नावाने पुकारतात. बारी, म्हणजे ती फेरी, कुणाच्या बैलाने मारली हे कुणी विचारत नाही. "तसं लिव्ह. वस्तादांचं फुडं, माझं मागं. जोडीचा गाडा."

परतताना नारायणगावला आम्ही मंचरची एसटी धरली. खिडकीशी बसल्यावर आई म्हणाली, "बैल चार असतात. गळा एक हाय. एका गळ्याला दोन नावं कशी?" मी म्हटलं, पण आई, कुणाचा ते काकांनाच माहीत नाही. ती म्हणाली, "त्याचा आवाज त्याच्यापाशी हाय. जिता हाय तो, बोलतोय, बायकूला गप म्हणतोय. त्याला ह्यो कशाला पायजे? आपल्यापाशी काय हाय?"

आयुष्यभर मी पोरांना शिकवलं की मजकूर कुणी लिहिला हे विसरा आणि मजकूर वाचा. वर्गात ते सोपं वाटतं. आणि मला असंही वाटलं की तुम्ही काकांना जे शिकवलंत, ते आम्हाला आज नडावं म्हणून शिकवलं नव्हतंत. तुम्हाला तुमचा पुकारा टिकायला हवा होता. तो कुणाच्या तोंडात टिकतो याची पर्वा नव्हती. की होती? हे तुम्हाला कधीतरी विचारायला हवं होतं, आणि तुम्ही ते भांडं आपटून सांगितलं असतंत की तळवा उलटा धरून, हेही मला आता ठरवता येत नाही.

शेवटी मी दोन्ही नावं लिहून पाठवली. तुमचं पुढे, काकांचं मागे. आईला तसं सांगितलं. तिने "बरं" म्हटलं आणि दिवसभर माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

बाईंचं उत्तर आठवड्याभरात आलं. नावं छापतील, पण त्यांना नीट कळलं नव्हतं: या दोघांपैकी ओरडणारा कोण? आणि त्यांनी पुढे लिहिलं होतं की ती बेल्ह्याची कॅसेट त्यांच्या जोडीदाराच्या सामानात सापडली. दोन्ही बाजू अजून शाबूत आहेत, यंत्राचा आवाज न मिसळलेल्या. त्यांनी ती पूर्ण एका फाइलमध्ये भरून सोबत पाठवली आहे. "माझ्यापेक्षा तुम्हाला ती ऐकायला आवडेल," असं त्यांनी मला लिहिलं.

अण्णा, पुकारणारा दिवस संपला की घाटाचे, पंचांचे, गाडामालकांचे आभार मानतो आणि शेवटी स्वतःचं नाव आणि गाव सांगतो, तिथे मात्र खोटं चालत नाही, हे काकांनी मला निघताना सहज सांगितलं होतं. ते त्या कॅसेटवर असेल किंवा त्याआधीच फीत संपली असेल. नाव तुमचं निघालं तर आईला तिचं सगळं मिळेल. काकांचं निघालं तर आज जे अर्धं आहे तेही जाईल. आणि फीत आधीच संपलेली निघाली, तर यापुढे विचारायला कुणी उरणार नाही. या तिन्हींपैकी मी कशाला घाबरते आहे, ते रोज बदलतं.

फाइल माझ्या फोनमध्ये आहे. मी ती उघडलेली नाही. आई रोज सकाळी विचारते, मडमेचं काही आलं का. मी सांगते, अजून नाही.