लाल ओळ

५ जानेवारी
पुण्याची नोकरी सोडून सोलापुरात स्वतःची कंपनी काढली म्हणून हसणाऱ्यांची तोंडं आता बंद. पहिलं गिऱ्हाईक मिळालं. मल्लप्पाशेठ, चादरीचा कारखाना, एमआयडीसी. माझा प्रोग्रॅम रोज सकाळी ऑर्डर आणि मागावर चढवलेलं सूत ताडून बघणार. जुळलं तर त्या मागाची ओळ हिरवी, नाही जुळलं तर लाल. लाल दिसली की माग बंद ठेवायचा. पसंत पडलं तर वर्षभराचं काम पक्कं. नाही पडलं तर नातेपुत्याला सासऱ्यांच्या खताच्या दुकानात बसायचं, असं बायकोशी, इंद्रायणीशी ठरलंय. तो प्रश्नच येत नाही.

६ जानेवारी
इंद्रायणीला दाखवलं. म्हणाली, लाल ओळीपुढं ‘थांबा’ असं लिहा की. हसलो. शाळेत शिकवते, तिला सगळं फळ्यावर लिहावंसं वाटतं. रंग बोलतोय तिथं शब्द कशाला?

९ जानेवारी
माझ्या लिनक्सवर झकास. मेहुण्याच्या, मल्हारच्या मॅकवर झकास. कारखान्यात जुनं विंडोज. प्रोग्रॅम उघडतो त्या काळ्या खिडकीत रंगाऐवजी बाण, कंस, आकडे. मल्लप्पाशेठ म्हणाले, ह्यो काय परकार वो? नुसते बाण दिसायलेत की. म्हटलं, मशीन जुनं आहे. ते म्हणाले, मशीन माझं हाय, बदलायचं तुमी.

१० जानेवारी
संकल्प. प्रोग्रॅमनं आधी खिडकीलाच विचारायचं, बाई, तुला रंग येतात का? येत असतील तर रंग, नसतील तर साधी अक्षरं. दोन तासांचं काम.

१३ जानेवारी
दोन तास अजून संपले नाहीत. लिनक्स आपलं नाव सांगतं, मॅक सांगतं, विंडोज गप्प. म्हणून विंडोजला सरसकट ‘नाही’ ठरवलं, तर मल्हारच्या ऑफिसातलं नवं विंडोज रंग दाखवणारं निघालं. सगळे गड्ड्याच्या जत्रेला गेले. मी घरीच. डोकं चालेनासं झालंय. पण काम थोडंच उरलंय.

१७ जानेवारी
जमलं! चारही मशीन अचूक ओळखली. कारखान्यात एकही बाण नाही, स्वच्छ पांढरी अक्षरं. मल्लप्पाशेठ म्हणाले, आता कसं निवांत वाचायला येतंय. माग सांभाळणारे शिवयोगी म्हणाले, कुटला बंद ठेवायचा न्हाय न्हवं? म्हटलं, लाल दिसला तरच. लाल कुठंच नव्हतं. सगळे माग सुरू. येताना पेढे घेतले.

१९ जानेवारी
मल्लप्पाशेठचा फोन. अक्कलकोटच्या लग्नाची ऑर्डर, किनार मरून रंगाची हवी होती, जांभळी गेली. घरी चालवून पाहिलं. त्या मागाची ओळ माझ्या लॅपटॉपवर लालभडक. शेठना नीट समजावलं की प्रोग्रॅम चुकलेला नाही. त्यांच्या खिडकीला रंग येत नाहीत हे त्यानं बरोबर ओळखलं, आणि रंग दाखवले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, व्हय, पन ती लाल हाय हे आमाला सांगायचं कुनी?
उत्तर उद्या देतो म्हणालो.

२० जानेवारी
शेठनी फोन उचलला नाही. संध्याकाळी शिवयोगी जांभळ्या किनारीच्या चादरींचा गठ्ठा दारात ठेवून गेले. म्हणाले, लग्नवाल्यांनी परत केल्या, शेठ म्हनले तुमालाच राहू द्या. इंद्रायणीनं गठ्ठा उचलून आत नेऊन ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, नातेपुते
तात्पुरता आलोय. थंडी आहे, चादरी ऊबदार आहेत. मुदत संपलेल्या फवारणीच्या औषधाच्या खोक्यांना सासरे लाल दोरी बांधून ठेवतात. तरी नव्या नोकरानं त्यातलं एक आज विकलं. दोरीचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता. मी प्रत्येक खोक्यावर कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘विकू नये’. सासरे खूश. म्हणाले, जावईबापू, लई बेस सुचलं की तुमाला! इतक्या वर्षांत कुनाच्या डोक्यात आलं न्हाय.

रात्री इंद्रायणीला फोन केला. एवढं सोडून सगळं सांगितलं.