मैदान सोडलं की सेनापती पडतो

प्रिय सिद्ध्या,

काल तुझ्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. म्हणून लिहितोय. नाहीतर चार महिन्यांत तुला एक ओळ लिहायची माझी हिंमत झाली नव्हती. आत्ता रविवारची सकाळ आहे. खाली बायको भाजीवाल्याशी घासाघीस करतेय आणि मी गच्चीवरच्या आपल्या खोलीत एकटा बसलोय. समोर फळीवर तुझे हत्ती कालचे तसेच उभे आहेत.

लोक किती हसायचे रे आपल्याला! पन्नाशीला टेकलेली तीन माणसं दर शनिवारी पाच वाजता जमतात काय, अन् टेबल टेनिसच्या जुन्या फळीवर इंचभर उंचीचे शिपाई लढवतात काय. माझी बायको विचारायची, झाली का तुमची भातुकली मांडून? तू शेंद्र्याच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून थेट यायचास. दारातूनच जय भीम घालायचास आणि पाणी प्यायच्या आधी फळीकडं बघून घ्यायचास. आज तुझ्या शकांची काय खैर नाय अन्या, हे ठरलेलं वाक्य.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या लढाया आपल्या. माझ्याकडं शकांचं घोडदळ, तुझ्याकडं सातवाहनांचे हत्ती. सातवाहन तुलाच का, तर तुझं आजोळ पैठणचं. आमच्या मामाच्या गावाला राजधानी होती, तुम्ही बाहेरून आलेले लोक, असं मला ऐकवायचास. निळ्या रेक्झिनची पट्टी म्हणजे गोदावरी, थर्माकोलचे तुकडे म्हणजे डोंगर. आपला इक्बाल पंच. फ्रेमच्या दुकानातली टेप गळ्यात अडकवून यायचा आणि घोडा अर्धा इंच जास्त सरकला तरी मागं घ्यायला लावायचा.

तुझा तो पांढऱ्या हत्तीवरचा सेनापती आठवतो? तीन आठवडे रंगवत होतास. चार केसांचा ब्रश, डोळ्यावर भिंग, आणि वहिनींनी जेवायला हाका मारून मारून सोडून दिलेलं. त्याच्या मिशीला तू वेगळा काळा वापरला होतास. आम्हाला दोघांनाही तो फरक दिसला नाही, तर दिवसभर फुगून बसला होतास.

आता ती पाटी. ती मी लावली, सिद्ध्या. तू नाही, इक्बाल नाही, मी. सुरुवातीला आपण दोघंही हरायला लागलो की काहीतरी निमित्त काढून उठायचो. मला घरी पाहुणे आठवायचे, तुला रात्रपाळी. मग मी एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं, 'मैदान सोडलं की सेनापती पडतो.' लढाई संपायच्या आधी जो उठेल त्याचा सेनापती आडवा करायचा, हार मोजायची, आणि तो मोहरा महिनाभर डब्यातून काढायचा नाही. सगळ्यात जास्त तूच खूश झाला होतास. असा कायदाच पाहिजे होता म्हणालास.

त्या शनिवारी तुला सुट्टी होती, घरूनच आला होतास. खेळात तुझा एक हत्ती उधळला. जखमी हत्तीसाठी फासा टाकायचा आणि एक पडला की हत्ती मागं फिरून आपल्याच लोकांना तुडवतो, हा नियम. तुझा एक पडला. तुझी मधली रांग सपाट झाली आणि मी टाळ्या वाजवल्या. सहा वाजले असतील. तू डावा खांदा चोळत होतास. फाशाकडं बघतच म्हणालास, "अन्या, खांद्यात कळ येतीये रे. आज राहू द्यायचं का?"

आणि मी काय बोललो? "हत्ती उधळला की सगळ्यांचेच खांदे दुखतात. जा की. पण आधी सेनापती आडवा कर."

इक्बाल हसला. तूही हसलास. अन् बसलास.

का बसलास रे? एवढा कारखान्यात पोरांना दम देणारा माणूस, एका पुठ्ठ्याला भ्यालास? एक शिवी हासडून उठला असतास तर मी काय तुला दोरीनं बांधणार होतो? रोज हाच प्रश्न घेऊन उठतो मी. आणि रोज उत्तर एकच येतं, की तू खेळाचं इमान राखलंस आणि मी तुझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. तुला घाम आला तर मी पंखा पाचवर केला. तू सोडा मागितलास तर खालून सोडा आणला, वर पित्ताचं औषध घे म्हणून अक्कल शिकवली. दोन तास! दोन तास तू तसा बसून होतास, आणि शेवटी लढाई जिंकलास. डावीकडून हत्ती आणून माझं घोडदळ नदीत ढकललंस. जाताना हात मिळवलास तेव्हा तुझा तळवा ओलागार होता. मला वाटलं, जिंकल्याचा घाम.

हर्सूलला घरी पोचून तू चपला काढल्यास आणि तिथंच बसलास, असं वहिनी सांगतात. दवाखान्यात आम्ही पोचलो तोवर सगळं झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखत होतं? तासा-दोन तासांपूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. दुपारी तर चांगले होते, तुमच्याकडं काही बोलले का हो, असं विचारलं.

मी नाही म्हणालो. काहीच बोलला नाही, म्हणालो. मजेत होता.

का बोललो खोटं? त्या वेळी सांगायला तोंडच उघडेना, एवढंच खरं आहे. वाटलं, दहन होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, पुण्यानुमोदन होऊ दे. त्या दिवशी तुझ्या घरात वंदना चालू होती आणि वहिनी कोपऱ्यात बहिणीला सांगत होत्या, की सकाळी मीच ह्यांना भरलेला सिलिंडर दोन जिने चढवायला लावला. माणूस येणार होता, पण मला दम नव्हता. त्यानंच झालं. सिद्ध्या, चार महिने ती बाई हेच बोलतेय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. गॅसची शेगडी पेटवताना रडते म्हणे. आणि मी तीनदा तुझ्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. तीनदा चहा घेतला, पेन्शनच्या कागदांचं विचारलं आणि परत आलो.

गेल्या बुधवारी वहिनींचा फोन आला. तुझा शिपायांचा डबा घरी पडलाय, घेऊन जाता का? मी येतो म्हटलं. तर म्हणाल्या, नको अनिलभाऊ, मीच आणते शनिवारी. हे एवढं कशासाठी पळत यायचे ते एकदा बघायचंय मला.

आल्या काल, बरोबर पाचला. डब्यात तुझे अर्धे रंगवलेले सहा धनुर्धारी पण होते, पाय झालेले, तोंडं कोरी. इक्बालनं मुकाट्यानं फळी मांडली. वहिनींना तुझ्या खुर्चीत बसवलं, फासा कसा टाकायचा ते सांगितलं. आधी बिचकल्या. मग रमल्या रे! हत्ती मधे का ठेवलेत, कडेला का नाही, असं विचारायला लागल्या. सुरुवातीला तूही अगदी तेच विचारायचास.

सहाच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. बहीण आली होती हर्सूलला, दाराला कुलूप. वहिनींनी पर्स उचलली आणि उठायला लागल्या. आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं, "वहिनी, मधे उठायचं नसतं. सेनापती पडतो."

त्या थांबल्या. भिंतीवरची पाटी त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. मग माझ्याकडं न बघता हळू विचारलं, "म्हणजे त्या दिवशी ह्यांना उठायचं होतं का?"

इक्बाल टेप गुंडाळत बसला. मला फक्त व्हय म्हणायचं होतं. एक शब्द.

मी म्हणालो, "नाही वहिनी. जिंकत होता तो. कशाला उठेल?"

तर त्या परत बसल्या. बहिणीला फोन करून शेजारी थांबायला सांगितलं. म्हणाल्या, पूर्ण करूनच जाते, ह्यांचा सेनापती माझ्या हातनं नको पडायला. आठ वाजेपर्यंत बसल्या, सिद्ध्या, पाठ ताठ करून. हरल्या नाहीत. मी हरू दिलं नाही. जाताना जिन्यात म्हणाल्या, "बरं झालं आले. शेवटचे दोन तास तरी सुखात होते इथं. घरी माझ्या सिलिंडरनं जीव घेतला."

मी जिन्यातच उभा राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ना, ते काल कळलं.

इक्बाल पाठीमागं होता. एवढी वर्षं त्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. कालही नाही चढला. म्हणाला, "अन्या, मैं भी हंसा था उस दिन. मेरे कू भी नींद नै आती. तू बोल, नै तो मैं जाके बोलता. पर अब उस औरत कू सिलिंडर के नीचे नक्को मार."

बरोबर बोलला. पण मला भीती वाटते रे. वहिनी दार लावून घेतील. पुन्हा कधी भाऊ म्हणणार नाहीत. तुझ्या नातेवाइकांत, कारखान्यात, सगळीकडं होईल, की ह्या माणसानं खेळापायी मित्र बसवून ठेवला. अन् काय खोटं आहे त्यात? तू असतास तर तुलाच विचारलं असतं, कसं सांगू म्हणून. अवघड काही असलं की तुलाच विचारायची सवय लागली होती, अन् आता हे तुझ्याशिवाय करायचंय. एकदा तरी शिवी देऊन जायचं होतंस मला.

पाटी सकाळीच काढलीय. पुठ्ठा फाडताना भिंतीचा रंगही निघाला. माझ्या शकांचा सेनापती फळीवर आडवा ठेवलाय, मैदान मी सोडलं म्हणून. तुझा पांढऱ्या हत्तीवर उभा आहे. डब्यात घालून तोच नेतोय वहिनींकडं, तो त्यांच्याजवळ असू दे.

दहाला हर्सूलला पोचतो. तुला शब्द देतो, ह्या वेळी आत जाणार नाही, बसणार नाही. दारातच उभा राहून सांगीन, की सिलिंडरनं नाही वहिनी, त्याला उठायचं होतं, मी उठू दिलं नाही. हे त्यांना कळल्यावर त्या चहा देतील तर घेईन.

तुझा,
अन्या